नाव ठरायचं राहिलं, मावशे

मावशे, आपलं भांडण अर्धंच राहिलं. तू अर्ध्यात काही सोडणारी नव्हतीस. पुस्तक धरलं की शेवटच्या पानापर्यंत, आणि भांडण धरलं की समोरची हसेपर्यंत. या वेळी मात्र ताप घेऊन आडवी झालीस ती उठलीच नाहीस, आणि मी माझं उत्तर तोंडात धरून बसले आहे. पोटात आठवा महिना चालू आहे. उत्तर द्यायचं तर आताच द्यायला पाहिजे. मागून देऊन काय उपयोग?

लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलतात, तू गेल्यापासून तर जास्तच. कोणी म्हणतं पारबता मावशी म्हणजे वस्तीची शाळा होती, कोणी म्हणतं पंडित होती. तू ऐकलं असतंस तर कपाळावर हात मारून म्हणाली असतीस, "पंडिताले कवडी निवडता येते का?" ते मात्र खरं. कापसातली डागाळलेली, किडकी बोंडं वेगळी काढायची, ती कवडी. आपल्या जीनमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, ती तुझ्याइतकी झटपट कोणी निवडत नव्हतं. आणि तरी हंगामात तुझे हात कमी चालायचे आणि तोंड जास्त. ते कसं, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही पटायचं नाही.

लग्न होऊन मी बोरीला आले तेव्हा मला काय येत होतं? तिसरीपर्यंत शाळा. धाकटा भाऊ झाला, त्याला सांभाळायला घरात कोणी नव्हतं, म्हणून पाटी फळीवर ठेवली ती तिथंच राहिली. आमचं गाव पार उमरखेडच्या पलीकडं, पैनगंगेच्या काठावर. दोन मोटारी बदलाव्या लागतात, आणि नदी चढली की गावच तुटतं. सासरी आले तेव्हा इथली बोलीसुद्धा मला वेगळी वाटायची. बाया आपल्याबद्दल बोलताना 'मी जातो, मी येतो' म्हणायच्या तर मला हसू यायचं, आणि मी 'मला, तुला' म्हटलं की त्या हसायच्या. "आली वं मराठवाड्याची मास्तरीण!" कौसल्येनं पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर म्हटलं आणि शेडखालच्या झाडून सगळ्या बाया फिदीफिदी हसल्या. माझे डोळे भरले. तू पुस्तकावरून मान वर केलीस आणि एवढंच म्हणालीस, "मास्तरीण हाये का? बरं झालं. माये डोये थकले आता."

मला वाटलं तूही चेष्टाच करतेस.

मग कळलं की इथली रीतच तशी होती. टिनाच्या शेडखाली आपण गोल बसायचो, मध्ये कापसाचा ढीग, प्रत्येकीची वेगळी पाटी, आणि जिची पाटी भरेल तिला तेवढी मजुरी. तू मात्र मांडीवर पुस्तक घेऊन बसायचीस. तू वाचायचीस, आम्ही निवडायचो, आणि प्रत्येकजणी आपल्या हातची एक मूठ अधूनमधून तुझ्या पाटीत टाकायची. कोणी कोणाला सांगत नसे. गोष्ट रंगात आली की मुठी जास्त पडायच्या, रेंगाळली की कमी. तू पाटीकडं बघून म्हणायचीस, "आज लेखकाचं काही खरं नाही, पाटी रिकामीच हाये."

मुकादमाला हे कधी उमजलं नाही. "ही बुढी हात हालवत नाही, मंग हिची पाटी भरते कशी?" म्हणून तो एकदा खांबाआड उभा राहून पाळत ठेवायला लागला. त्या दिवशी कादंबरीतल्या बाईचा नवरा शहरात जाऊन दुसरं घर करून बसला होता. भोंगा झाला, तू पुस्तक मिटलंस. दुसऱ्या दिवशी मुकादम सकाळीच येऊन ढिगापाशी उगाच पायानं कापूस सारत उभा राहिला, आणि शेवटी हळूच म्हणाला, "मंग त्या बाईचं काय झालं?"

"पाटी भरा लागते, मुकादम," तू म्हणालीस. त्यानं खरंच वाकून एक मूठ टाकली. किती हसलो आपण!

पण तू नुसतं वाचत नव्हतीस. अडचणीच्या जागी येऊन थांबायचीस, बोट पानात घालून ठेवायचीस आणि विचारायचीस, "सांगा बरं, तुमी असत्या तं काय केलं असतं?" सगळ्यांनी सांगितल्याशिवाय पान उलटायचं नाही. त्या नवरा गेलेल्या बाईच्या वेळी कौसल्या म्हणाली, "मी तं जाऊन त्याचं तंगडं मोडलं असतं." कोणी म्हणाली माहेरी गेले असते, कोणी म्हणाली विहीर जवळ केली असती. तू सगळ्यांचं ऐकून घेतलंस आणि विहीरवालीला म्हणालीस, "थांब, तुयासाठी तं मी पुढचं पान आताच वाचतो." त्या पुढच्या पानावर ती बाई शिवणाचं मशीन शिकायला जाते. विहीर म्हणणारी रखमा आज दारव्ह्याला शिवणकाम करते. पुस्तकामुळं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी तू पान उलटलंस ते मी पाहिलं आहे.

ही पुस्तकं तू आणायचीस कुठून, हे मला पुढं कळलं. नवरा शाळेत चपराशी होता, भिंतीवरच्या तक्त्यांवरून तो अक्षरं शिकला आणि घरी येऊन चुलीच्या राखेत तुला शिकवली. मग तू वाचनालयात गेलीस. तिथला माणूस पुस्तक तुझ्या हातात न देता पायरीवर ठेवायचा. तू ते उचलायची नाहीस. उभी राहायचीस. भांडण नाही, शब्द नाही, नुसती पदर सावरून उभी. मागे लोक खोळंबायचे. शेवटी एके दिवशी तो कंटाळला आणि त्यानं पुस्तक हातात दिलं. तू दोन्ही हातांनी घेतलंस. मी विचारलं, "मावशे, राग नाही आला?" तर म्हणालीस, "आला नं. पन रागाले म्हटलं, तू बाहेर बस, पुस्तक घेऊन येतो मी."

नागपूरच्या दीक्षेला तू आणि मावसाजी दोघं गेला होतात. येताना धम्माचं एक लहानसं पुस्तक आणलंस. बाकीची पुस्तकं वाचनालयाला परत जायची, हे राहायचं. वस्तीतल्या कोणा शहाण्यानं सुचवलं, पार्वती हे देवीचं नाव, आता ते बदल. तू म्हणालीस, "नाव मायनं ठेवलं. मी देव सोडले, मायले कुठं सोडलं?" आणि धम्माच्या पुस्तकातही तू तीच खोड लावलीस. वाचायचीस, थांबायचीस, विचारायचीस, "हे तुमाले आपल्या घरात दिसते का? दिसत नसन तं माया सांगन्यावरून मानू नोका." चुलीपाशी, नळावर, सासवांच्या बोलण्यात, सगळीकडं आम्ही त्या पुस्तकातली तृष्णा, ती हाव, शोधायला लागलो. कौसल्येला ती शेजारणीच्या नव्या पातळात सापडली. मला माहेरच्या वाटेत. मी विचारलं होतं, घरची ओढ ही पण तृष्णाच का? तू पुस्तक मिटून मांडीवर ठेवलंस. मग म्हणालीस, "मले नाही मालूम. माया जीव कदी इतक्या दूर गेलाच नाही. तू पाह्य आन मले सांग." मला 'माहीत नाही' असं म्हणणारी मोठी बाई मी तोवर पाहिली नव्हती.

मग एक दिवस तू मला वाचायला बसवलंस. जोडाक्षर आलं की मी थांबायची. बाया खुसखुसायच्या. तू म्हणालीस, "अटकलीस तं अटक. आपली लहान गाडी तं ठेसन नसलं तरी अटकते, पन यवतमायले जाते का नाही?" हळूहळू माझ्याही पाटीत मुठी पडायला लागल्या. माझ्या आयुष्यात मला मिळालेला मोठा मान कोणता असं कोणी विचारलं तर मी त्या मुठी सांगेन.

मग विजय झाला. माझा पहिला. गोरा, टपोऱ्या डोळ्यांचा. नाव तूच सुचवलं होतंस आणि सगळ्यांनी उचलून धरलं होतं. पाळण्याच्या दिवशी सासूनं वस्तीभर साखर वाटली. चार महिन्यांचा होऊन तो गेला. दुसरं लेकरू जन्मताना रडलंच नाही.

त्यानंतर मी कामावर आले त्या दिवसाची तुला आठवण असेल. ढिगापाशी बसले आणि छातीत धडधड सुरू झाली. श्वास वरच्या वर. वाटलं, आता इथंच मरणार. बाया पाणी आणायला धावल्या. तू मात्र जागची हलली नाहीस. ढिगातल्या कापसातून रुईचा एवढासा तंतू काढलास, माझ्या नाकासमोर धरलास आणि म्हणालीस, "याले पाह्य. हालून राह्यला नं? हा तू हालवून राह्यली. दम आत गेला का इकडे, बाहीर आला का तिकडे. दुसरं काही पाहू नोको." मी पाहत राहिले. तो तंतू घाबऱ्यासारखा फडफडत होता. मग कमी फडफडला. मग नुसता हलत होता. तू विचारलंस, "मेली का?" मी मान हलवली, नाही. "मंग कवडी निवड."

नंतर सांगितलंस की हे तुझं नाही, हे तथागतांनी सांगितलेलं आहे, फक्त त्यांच्याजवळ कापूस नव्हता.

मावशे, ती धडधड अजून येते. रुईचा तंतू प्रत्येक वेळी जवळ असतोच असं नाही, आणि असला तरी दर वेळी उपयोग होतोच असंही नाही. पण तेव्हापासून भीती आली की 'आली' असं तरी म्हणता येतं. आधी ती आणि मी वेगळ्या नव्हतो.

आता भांडणाचं.

तिसऱ्यांदा दिवस गेले हे कळल्यावर माझ्या सासूनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. तू दुपारची आमच्याकडं आली होतीस. ती अंगणात तूर पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवून सरळ सांगितलं, "या खेपेले मी कोनाचं आयकनार नाही. पोट्टं झालं का पयले उकिरड्यावर ठेवाचं. शेजारनीनं उचलून आनाचं. आन नाव उकंडा. मरनाले वाटलं पाह्यजे, हा कचरा हाये, याले कायले न्याव."

"म्हंजे मरन एवढं येडं हाये?" तू म्हणालीस.

"हास तू. साजरं नाव ठेवलं विजय, लागली नं नजर? दीक्षा घेतली आन देव पान्यात सोडले, त्याईचा कोप येगळाच. सटवाईच्या दगडापाशी मी तं जानार हावो."

"लेकरं नेनारी तेच ना ते? मंग जे नेते तिच्याच पाया कायले पडाव?"

"भेव वाटते म्हनून!" सासू ओरडली. आणि मग तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी यायला लागलं.

तू उठून तिच्याजवळ जाऊन बसलीस. दुसरी कोणी असती तर तिथं जिंकल्यासारखं बोलली असती. तू म्हणालीस, "मंग बाई, भेवाचंच बोलू. दगडाचं कायले बोलत बसतो आपून?"

सासूनं डोळे पुसले, पण हट्ट काही सोडला नाही. "तुयाच नवऱ्याचं नाव काय होतं वं? जगला का नाही म्हातारा होईपर्यंत?"

"उकंडाच होतं," तू म्हणालीस. नवऱ्याचं नाव बाई तोंडानं घेते हे ऐकून कुंपणापलीकडची बाई थबकली. "जगला. पन कसा जगला ते इचार. शाळेत मास्तर त्या नावानं हाक मारे आन पोट्टे नाक दाबून हासत. घरी येऊन मले म्हने, पारबते, एकांदे दिवशी कोनी साजऱ्या नावानं बोलवाव असं वाटते."

"मंग तू काय म्हने त्याले?" सासूनं विचारलं.

"मी? मी म्हनो, 'आयकलं का'." तू हसलीस, आणि ते हसू लगेच मिटलं. "मी बी नाही दिलं दुसरं नाव. सुचलंच नाही." थोड्या वेळानं म्हणालीस, "किती पिढ्या गावानं आपल्याले उकिरड्यापाशी ठेवलं. आता कोनी ठेवत नाही तं आपल्याच हातानं लेकरू तिथं नेऊन ठेवाचं?"

तेव्हा मी बोलले, मावशे. तुझ्या बाजूनं नाही. मी म्हटलं, "मला चालेल. उकंडा म्हणा, धोंड्या म्हणा, लेकरू जगलं तर मला काहीही चालेल. सोन्यासारखं नाव ठेवून एक पाहिलं मी." तू माझ्याकडं पाहिलंस. सासूनं सूप उचललं.

त्या दिवसापासून रोजचं सुरू झालं. सकाळी शेडखाली बसले रे बसले की, "ठरलं का नाव?" मी म्हणायची, "मावशे, लेकरू येईल तेव्हा येईल. आल्यावर बारा दिवस बघू. मग." तू म्हणायचीस, "म्हंजे तू आताच त्याले परकं मानून ठेवलं." एकदा मी चिडून तुझंच तुला ऐकवलं, "तूच वाचतेस ना, सगळं जाणारं आहे, काहीच टिकत नाही? मग नाव ठेवून काय करायचं?" तू हातातली चहाची पितळी पुढं केलीस. "हा चहा बी जानारच हाये. म्हनून थंडा होऊ देतेस का?" बाया खो खो हसल्या. मी पण हसले, पण मला पटलं नव्हतं. चहा गेल्यावर कोणी रडत नाही, मावशे. हे मला तेव्हाच म्हणायचं होतं.

तू नावं काढत राहिलीस. बहुतेक कादंबऱ्यांतली. नायकांची तुला आवडत नसत. "हे नायक लय बोलतात." मशीन शिकणाऱ्या बाईच्या गोष्टीत एक सुधाकर होता, तिचा शेजारी. त्याचं काही मोठं काम नव्हतं. ती कामावर जायची तेव्हा तो तिच्या म्हाताऱ्या आईला औषध द्यायचा, आणि देईन म्हणाला की द्यायचाच. "एवढ्या मोठ्या पुस्तकात हा एकच माणूस झोपेत बी खोटं बोलनार नाही," तू म्हणायचीस. "सुधाकर ठेव." मी कानावर हात ठेवायची.

बाळंतपणाला माहेरी जायचं तर डॉक्टरांनी मला प्रवास नको म्हणून सांगितलं. आई आता राहिली नाही, पैनगंगेकाठी भावाचं घर तेवढं आहे, तसंही जाऊन कोणाच्या हाती पडणार होते? तू म्हणालीस, "मी हावो नं." मी त्या शब्दावर टेकून होते. फाल्गुन संपता संपता हंगाम उतरला, ढीग लहान झाले, आणि तुला ताप भरला.

शेवटच्या दुपारी मी तुझ्या कपाळावर ओला फडका ठेवत होते. तू डोळे मिटून पडली होतीस. मला वाटलं झोपलीस. मग तू हळू, पण अगदी साफ बोललीस. "मले बी झालतं एक. पोरगं. सात दिसांचं होऊन गेलं." मी चरकले. इतक्या वर्षांत वस्तीत कोणी मला हे सांगितलं नव्हतं, कदाचित कोणाला माहीतच नव्हतं. "लोकाईले वाटते, नाव ठेवलं का जीव लागते. त्याचं नाव नव्हतं ठेवलं. तरी लागला."  फडका गरम झाला होता, मी तो काढलाही नाही. "आता त्याची आठोन आली तं हाक कोनत्या नावानं मारू? नुसतं 'ते' म्हनतो. ते लेकरू. कोनाचं बी असल्यावानी."

तू कुशीवर वळलीस.  मला म्हणायचं होतं की मला समजलं. म्हणायचं होतं की विजयची आठवण आली की मी चुलीपुढं 'विजू' म्हणते, आणि दोन घटका रडले की सुटल्यासारखं होतं. पण दुसऱ्या लेकराची आली की काही म्हणता येत नाही, नुसती चूल फुंकत राहते, आणि त्याला नाव नाही म्हणून हे होतं, ते मला इतके दिवस कळत नव्हतं. हे सगळं जिभेवर होतं. मला वाटलं, उद्या ताप उतरल्यावर सांगू, भांडायला मजा येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

पांढरी वस्त्रं नेसवून तुला नेलं. सगळ्यांनी पंचशील घेतलं. मी मात्र दाराच्या चौकटीला टेकून हमसाहमशी रडत होते. दारव्ह्याहून आलेले एक गृहस्थ समजुतीनं म्हणाले, बाई, धम्मात असं रडत नाहीत, सगळं अनित्य आहे. मी तोंडात पदर कोंबला. तेवढ्यात कौसल्या, तीच तंगडं मोडणारी, पुढं आली आणि म्हणाली, "रडू द्या तिले, भाऊ. आमची मावशी वाचून दाखवे. तथागत जग सोडून राह्यले होते तवा त्याईचा एक शिष्य असाच दाराले टेकून रडला होता. त्याईनं त्याले रागावलं नाही. जवळ बलावलं आन म्हटलं, तू लय दिवस माया लय साजरा सांभाळ केला." ते गृहस्थ गप्प झाले. मावशे, कौसल्येला ते इतकं पाठ असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. वाचताना ती तर शेंगा खात असायची.

मी रडले. पोट भरून रडले.

काल संध्याकाळी मी भाकरी थापत होते. यांची कामावरची पाळी संपायला वेळ होता. सासू उंबऱ्यावर बसून डाळ निवडत होती. मी तिच्याकडं न बघता म्हटलं, "माय, लेकराला उकिरड्यावर नाही ठेवायचं."

तिचा हात थांबला. 

"आणि नाव मी ठेवलंय. सुधाकर. जगलं तरी सुधाकर, आणि नाही जगलं तरी सुधाकर." हे शब्द माझ्याच तोंडचे, पण बाहेर पडताच छाती इतकी धडधडली की मी परातीचा काठ घट्ट धरला. वाटलं, आता ही रडणार, नाही तर शिव्या देणार, नाही तर उठून सटवाईला जाणार. तिनं डाळीतला एक खडा वेचून अंगणात फेकला.

"विजय म्हनून मी बी हाक मारतो," ती म्हणाली. "तू कामावर गेली का. कोनी नसते तवा." मग नाक ओढून म्हणाली, "सुधाकर लंबं हाये. अंगनातून हाक माराले दम लागन."

"सुधा म्हणा."

"हट्, पोट्ट्याले सुधा?" ती पुन्हा डाळीत वाकली. मी भाकरी तव्यावर टाकली. आणि मग ती वर न बघता म्हणाली, "आन पोरगी झाली तं?"

मावशे, इतके महिने आपण भांडलो. तू, मी, माझी सासू, शेडखालच्या झाडून सगळ्या बाया, खांबाआडचा मुकादमसुद्धा. आणि हे आपल्यातल्या एकीलाही सुचलं नव्हतं! मी पिठाच्या हातांनी तशीच उठून उंबऱ्यावर तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं एक नाव काढलं, ते मला आवडलं नाही. मी एक काढलं, तिनं तोंड वाकडं केलं. तिनं आणखी एक काढलं. भाकर तव्यावर पार कोळसा झाली, वास अंगणात आला, तरी आम्ही दोघी उठलो नाही.